पट्टी, गॅलरी आणि एक्सेलचा आलेख



आमच्या पुंडलिकनगरात मुलं विचारतात, "सर, गॅलरीखाली खांब नाही, तरी ती पडत कशी नाही?" उत्तराला एक पट्टी पुरे. ती टेबलाच्या कडेवर घट्ट दाबा, बाहेरच्या टोकाला खोडरबर बांधा. 10 सेमी बाहेर असताना टोक 2 मिमी वाकलं, तर 20 सेमीला दुप्पट नाही, सुमारे आठपट, म्हणजे 16 मिमी वाकतं! मधली मापंही एक्सेलमध्ये भरून आलेख काढा. रेष सरळ न येता झपकन वर चढते.

वाकताना पट्टीची वरची बाजू ताणली जाते. म्हणून गॅलरीच्या स्लॅबमध्ये मुख्य सळई वर असते. काँक्रीट टाकताना ती पायाखाली दबली, की ताकद घटते. तेव्हा पालकहो, गॅलरी पुढे वाढवण्याआधी किंवा टोकाला टाकी ठेवण्याआधी इंजिनिअरला नक्की विचारा.