घरचा संगणक, सुरक्षेची चिंता आणि दुरुस्तीचे अर्थकारण

मध्य प्रदेशातील जबलपूर जिल्ह्यात मझौली हे तहसिलीचे गाव आहे. अशा गावी एखाद्या कुटुंबाने मुलांचे शिक्षण, परीक्षांचे अर्ज आणि बँकेचे व्यवहार यांसाठी संगणक घेतला, तर त्या कुटुंबाच्या दृष्टीने ती मोठी गुंतवणूक असते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी केवळ ४.४ टक्के आणि नागरी कुटुंबांपैकी २३.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता. जेथे संगणक विरळा, तेथे त्याचे जाणकारही विरळाच. त्यामुळे 'आपल्या संगणकात व्हायरस शिरला आहे' असा संदेश पडद्यावर इंग्रजीत झळकला की कुटुंबापुढे साधारणपणे तीन मार्ग उरतात : जवळचा दुरुस्ती करणारा सांगेल ते मान्य करणे, यंत्र जबलपूरला नेणे किंवा संदेशात दिलेल्या क्रमांकावर दूरध्वनी करणे. पहिल्या दोन मार्गांत खर्च किती होईल याचा अंदाज नसतो. तिसऱ्या मार्गात फसवणुकीची शक्यता सर्वाधिक असते.

हा प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटतो. परंतु त्याचे मूळ अर्थशास्त्रात आहे. घरगुती संगणकाची सुरक्षा महाग पडते, याचे प्रमुख कारण धोक्याचे आकारमान हे नसून, तो धोका नेमका किती आहे हे ग्राहकाला ठरवता येत नाही, हे आहे. ग्राहकाचे अज्ञान आणि त्यातून उपजणारी भीती यांचीच किंमत त्याच्याकडून वसूल होते. ही किंमत कशी ठरते आणि ती कमी करण्याचे उपाय कोणते, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

माहितीची असमानता

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारपेठेच्या उदाहरणावरून एक महत्त्वाचा सिद्धांत मांडला. विक्रेत्याला मोटारीचे दोष ठाऊक असतात, ग्राहकाला नसतात. चांगली व वाईट मोटार ओळखता येत नसल्याने ग्राहक सर्वच मोटारींना सरासरी किंमत देऊ करतो. ती किंमत चांगल्या मोटारींच्या मालकांना परवडत नाही, म्हणून ते बाजारातून बाहेर पडतात आणि शेवटी निकृष्ट मालच शिल्लक राहतो. माहितीच्या असमानतेवरील या कार्यासाठी अ‍ॅकरलॉफ यांना मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी १९७३ मध्ये या विचाराला पूरक अशी संकल्पना मांडली. काही वस्तूंचा दर्जा खरेदीपूर्वी पाहून कळतो, उदाहरणार्थ कापड. काहींचा वापरानंतर कळतो, उदाहरणार्थ उपाहारगृहातील जेवण. काही सेवांचा दर्जा मात्र वापरानंतरही कळत नाही. डॉक्टरांनी सुचविलेली शस्त्रक्रिया किंवा मेकॅनिकने बदललेला सुटा भाग खरोखरच आवश्यक होता काय, हे सामान्य ग्राहकाला कधीच समजत नाही. अशा सेवांना विश्वासाधारित सेवा म्हणता येईल. त्यांत निदान करणारा आणि उपचार विकणारा एकच असतो; म्हणून मोठे निदान करण्याकडे त्याचा कल राहण्याचा संभव असतो.

घरच्या संगणकाची दुरुस्ती ही या प्रकारची सेवा आहे. संगणक मंद चालतो याचे कारण अपुरी मेमरी, जुनी हार्ड डिस्क, अनावश्यक प्रोग्राम किंवा व्हायरस यांपैकी काहीही असू शकते. ग्राहकाला मात्र 'व्हायरस' हे एकच नाव ठाऊक असते. सर्व व्याधींवर रामबाण म्हणून हार्ड डिस्क 'फॉरमॅट' केली जाते, म्हणजे तिच्यावरील सर्व माहिती पुसून विंडोज नव्याने भरली जाते. संगणक चालू होतो आणि ग्राहक समाधानी होतो. परंतु मूळ दोष कोणता होता, हे त्याला समजत नाही. छायाचित्रे आणि कागदपत्रे नष्ट झाल्याचे नुकसान पावतीवर दिसत नाही. त्यातच विनापरवाना विंडोज भरली गेली असेल, तर ती चालू करण्यासाठी वापरलेल्या साधनांबरोबर घातक प्रोग्रामही येऊ शकतात. अशा रीतीने एक दुरुस्तीच पुढील दुरुस्तीची बीजे पेरते.

लाहोर ते पुणे

आयबीएम पीसी प्रकारच्या संगणकांमध्ये पसरलेल्या पहिल्या व्हायरसची कथा या दृष्टीने उद्बोधक आहे. १९८६ मध्ये 'ब्रेन' नावाचा हा व्हायरस लाहोर येथील बासित व अमजद फारूक अल्वी या दोन बंधूंनी तयार केला. त्यात त्यांनी आपल्या व्यवसायाचे नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक दिला होता, आणि प्रतिबंधक लसीसाठी आपल्याशी संपर्क साधावा, असे सुचविले होते. व्हायरस आणि त्यावरील उपचाराचा दूरध्वनी क्रमांक हे दोन्ही अशा प्रकारे आरंभीच एकत्र आले होते.

याच क्षेत्रातील दुसरे उदाहरण महाराष्ट्रातील आहे. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर यांनी दहावीनंतर शिक्षण सोडून पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीचे काम केले व पुढे संगणक दुरुस्तीचा व्यवसाय सुरू केला. दुरुस्तीसाठी येणारे अनेक संगणक व्हायरसने बाधित असल्याचे दिसून आल्यावर त्यांचे बंधू संजय काटकर यांनी ते व्हायरस काढणारे प्रोग्राम लिहिले. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस या संस्थेचे नाव २००७ मध्ये क्विक हील टेक्नॉलॉजीज असे झाले आणि २०१६ मध्ये तिचे समभाग शेअर बाजारात सूचिबद्ध झाले.

या उदाहरणाचा आर्थिक अर्थ लक्षात घेण्याजोगा आहे. कारागीर प्रत्येक संगणकावर स्वतंत्रपणे काम करतो, तेव्हा त्याचे ज्ञान महाग असते. तेच ज्ञान प्रोग्रामच्या रूपात बांधले गेले की त्याची आणखी एक प्रत काढण्याचा सीमांत खर्च जवळजवळ शून्य होतो. स्पर्धा वाढते आणि किंमत उतरते. पुढे २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून व्हायरसविरोधी संरक्षण विंडोजमध्येच विनामूल्य अंतर्भूत झाले. मूलभूत संरक्षणाची किंमत अशा प्रकारे घटत गेली. भीतीपोटी होणारा खर्च मात्र त्या प्रमाणात घटला नाही.

भीतीचा व्यापार

तंत्रसाहाय्याच्या नावाखाली होणारी फसवणूक हा या भीतीवर उभा राहिलेला व्यापार आहे. त्याची पद्धत ठरावीक आहे. संकेतस्थळ पाहताना पडदा एकाएकी व्यापला जातो, धोक्याची घंटा वाजते आणि एका नामांकित कंपनीच्या नावे दूरध्वनी क्रमांक झळकतो. त्यावर संपर्क साधताच पलीकडची व्यक्ती दूरस्थ नियंत्रणाचा प्रोग्राम भरावयास सांगते. विंडोजमध्ये घटनांची नोंदवही असते. निरोगी संगणकातही तिच्यात किरकोळ त्रुटींच्या नोंदी आढळतात. त्याच नोंदी व्हायरसचा पुरावा म्हणून दाखवून 'दुरुस्ती'चे शुल्क घेतले जाते, आणि कित्येकदा बँक खात्यालाही हात घातला जातो.

मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जागतिक पाहणीत, भारतातील ६९ टक्के ग्राहकांना मागील वर्षभरात अशा प्रयत्नाला तोंड द्यावे लागल्याचे आढळले; जागतिक सरासरी ५९ टक्के होती. आपल्या देशातील काही बनावट कॉल सेंटरांनी परदेशी नागरिकांनाही लुटले आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने 'ऑपरेशन चक्र-२' या मोहिमेत देशभरात ७६ ठिकाणी छापे घातले. तंत्रसाहाय्याच्या नावे होणारी फसवणूक हा त्या मोहिमेतील तपासाचा एक प्रमुख विषय होता.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मध्ये २००८ साली झालेल्या दुरुस्तीने कलम ६६ड समाविष्ट झाले. संगणकसाधनाद्वारे तोतयेगिरी करून फसविणाऱ्यास त्यानुसार तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दूरस्थ नियंत्रणाच्या प्रोग्रामद्वारे होणाऱ्या फसवणुकीबाबत रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना सावध केले होते. त्यापूर्वी ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने बँकेने ग्राहकाच्या दायित्वाचे नियम घालून दिले. त्यांचे सूत्र असे की, दोष ग्राहकाचा नसेल आणि त्याने तत्परतेने कळविले असेल तर त्याला संरक्षण मिळावे. त्याने स्वतः गुप्त माहिती दुसऱ्यास दिली असेल, तर बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान त्यानेच सोसावे. अनोळखी व्यक्तीस पडद्याचा ताबा देण्याची किंमत यावरून स्पष्ट होते.

बाह्यता आणि शासनाची भूमिका

संगणकाची सुरक्षा ही केवळ मालकाची खासगी बाब नाही. बाधित संगणक दूरच्या गुन्हेगाराच्या आज्ञेत राहून इतरांवर हल्ले करू शकतो. अशा यंत्रांच्या जाळ्यास 'बॉटनेट' म्हणतात. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या बॉटनेटने कॅमेरे व राउटर यांसारखी साधी उपकरणे, मूळ पासवर्ड न बदलल्याचा फायदा घेऊन, हल्ल्यासाठी वापरली. मे २०१७ मधील 'वॉनाक्राय' हल्ल्याने ज्या त्रुटीचा लाभ घेतला, ती दूर करणारा विनामूल्य अपडेट मार्च २०१७ मध्येच उपलब्ध झाला होता. तो भरून न घेणाऱ्यांच्या निष्काळजीपणामुळे हल्ल्याचा फैलाव सुकर झाला.

एकाच्या कृतीचा लाभ वा तोटा बाजारभावात न उतरता इतरांस पोहोचतो, तेव्हा अर्थशास्त्र त्यास बाह्यता म्हणते. लसीकरणाप्रमाणेच संगणकाच्या सुरक्षेची बाह्यता धन आहे. म्हणून केवळ बाजारपेठेवर विसंबल्यास समाजाला आवश्यक त्या प्रमाणात सुरक्षा निर्माण होत नाही. शासनाच्या हस्तक्षेपाचे समर्थन यातूनच मिळते.

भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथक, अर्थात 'सर्ट-इन', जानेवारी २००४ पासून कार्यरत आहे. त्याच्या अंतर्गत २१ फेब्रुवारी २०१७ रोजी 'सायबर स्वच्छता केंद्र' सुरू झाले. बॉटनेटमध्ये अडकलेली यंत्रे ओळखून इंटरनेट सेवा पुरवठादारांमार्फत मालकांना कळविणे आणि ती स्वच्छ करणारी साधने विनामूल्य देणे, हे त्याचे कार्य आहे. ही साधने पुरविण्यात देशी कंपन्यांचा सहभाग राहिला असून त्यांत पुण्याच्या उपरोक्त कंपनीचाही समावेश आहे. खासगी ज्ञान सार्वजनिक हितासाठी उपलब्ध करून देण्याचे हे उत्तम उदाहरण होय.

खर्चाचा अग्रक्रम

मर्यादित उत्पन्नाच्या कुटुंबाने सुरक्षेवरील खर्चाचा क्रम कसा लावावा? सर्वप्रथम विनामूल्य उपाय येतात. विंडोज व ब्राउझर यांचे अपडेट वेळेवर भरून घेणे, अंतर्भूत संरक्षण चालू ठेवणे, दैनंदिन वापरासाठी प्रशासकीय अधिकार नसलेले खाते वापरणे, महत्त्वाच्या खात्यांना वेगवेगळे पासवर्ड आणि द्विस्तरीय पडताळणी ठेवणे, यांस काहीही खर्च येत नाही. या उपायांनंतरचा पहिला खर्च बाह्य हार्ड डिस्कचा असावा. कागदपत्रांची प्रत तिच्यावर घेऊन ती संगणकापासून अलग ठेवल्यास 'फॉरमॅट' आणि खंडणीखोर व्हायरस या दोहोंची धास्ती बरीच कमी होते. विकतच्या सुरक्षा प्रोग्रामचा विचार त्यानंतर, गरजेनुसार करावा. एकाच वेळी असे दोन प्रोग्राम चालविल्यास सुरक्षा दुप्पट होत नाही. संगणक मात्र मंदावतो.

विंडोज १० ला मिळणारे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि अनेक जुने संगणक विंडोज ११ च्या निकषांत बसत नाहीत. असे यंत्र मोडीत काढण्यापूर्वी लिनक्सवर आधारित विनामूल्य प्रणालीचा विचार करता येतो. पडद्यावर दूरध्वनी क्रमांकासह इशारा आल्यास तो क्रमांक न फिरवता ब्राउझर बंद करावा, आणि तो बंद होत नसेल तर संगणकच बंद करावा. विंडोजच्या खऱ्या इशाऱ्यात दूरध्वनी क्रमांक कधीही नसतो, एवढी एक खूणगाठ बांधली तरी मोठी फसवणूक टळते.

दुरुस्ती अटळ असेल, तर दोष व अंदाजित खर्च लेखी घ्यावा, माहिती पुसण्यापूर्वी तिची प्रत काढण्यास सांगावे, बदललेला सुटा भाग परत मागावा आणि पावती घ्यावी. माहितीची असमानता कमी करण्याचे हे साधे मार्ग आहेत. २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील कमतरता आणि अनुचित व्यापारी प्रथा यांविरुद्ध जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. त्यासाठी ही पावतीच पुरावा ठरते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पैसे लुबाडले गेले असतील, तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर अथवा राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर तक्रार करून बँकेलाही कळवावे. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम मध्येच गोठविली जाण्याची शक्यता अधिक.

साक्षरतेचा पुढील टप्पा

संगणक साक्षरतेचे प्रयत्न आपल्या देशात नवे नाहीत. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम २००१ मध्ये सुरू झाला. केंद्र शासनाने २०१७ मध्ये मंजूर केलेल्या प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानात ६ कोटी ग्रामीण व्यक्तींना प्रशिक्षण देण्याचे उद्दिष्ट होते. मार्च २०२४ मध्ये अभियान संपले तेव्हा ६.३९ कोटी व्यक्ती प्रशिक्षित झाल्या होत्या. संगणक कसा चालवावा, हे या प्रयत्नांनी लक्षावधी लोकांपर्यंत पोहोचविले. तो बिघडल्यावर कोणाचे ऐकावे आणि कोणाचे ऐकू नये, हे शिकविणे हा पुढील टप्पा होय.

त्यासाठी निदान आणि विक्री यांची फारकत करणे आवश्यक आहे. ग्रामपंचायत स्तरावरील सामायिक सेवा केंद्रांतून ठरावीक, जाहीर शुल्कात संगणकाची केवळ तपासणी करून निष्पक्ष लेखी निदान मिळू लागले, तर दुरुस्ती कोठेही होवो, ग्राहक तिची किंमत डोळसपणे ठरवू शकेल. प्रामाणिक कारागिरालाही त्याचा लाभ होईल, कारण त्याचा प्रामाणिकपणा ग्राहकास दिसू लागेल. जबलपूरसारख्या शहरात जे ज्ञान उपलब्ध आहे, ते मझौलीसारख्या गावी त्याच भावात मिळू लागणे, हा डिजिटल समावेशनाचा महत्त्वाचा निकष मानला पाहिजे.