खेळ, मनोरंजन आणि भौतिकोपचार : चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात

प्रस्तावना :
पक्षाघाताचा रुग्ण रुग्णालयातून घरी परततो तेव्हा त्याचा जीव वाचलेला असतो. हातापायांची गेलेली शक्ती परत मिळविण्याचे काम मात्र त्यानंतरच खऱ्या अर्थाने सुरू होते. 'सर्च' या संस्थेच्या संशोधकांनी गडचिरोली जिल्ह्यातील ८६ गावांत २०११ ते २०१३ या काळात केलेल्या अभ्यासात १४.३ टक्के मृत्यू पक्षाघाताने झाल्याचे व तेच मृत्यूचे प्रमुख कारण असल्याचे आढळले. या आजारातून वाचणाऱ्यांच्या व्यायामाचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. जंगलातील गावापासून उपचारकेंद्र दूर असते आणि घरी एकट्याने करावयाचा व्यायाम कंटाळवाणा होऊन लवकरच सुटतो. यावर खेळ कितपत उपयोगी पडेल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

खेळामागील तत्त्व :
एकच हालचाल पुनःपुन्हा केल्याने मेंदूत नवे मार्ग तयार होतात. खेळात ही पुनरावृत्ती सहज घडते. कारण लक्ष थकव्याकडे नसून डावाकडे असते, यशापयश तत्काळ कळते आणि सोबती लाभतो.

यंत्र की साधा खेळ ?
२००६ मध्ये निन्टेन्डो कंपनीचा 'वी' हा खेळसंच बाजारात आला आणि अनेक देशांत भौतिकोपचारासाठी त्याचा वापर होऊ लागला. २०१६ मध्ये 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी'त प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पक्षाघाताच्या १४१ रुग्णांचे दोन गट करण्यात आले. नेहमीच्या उपचारांना जोड म्हणून एका गटाला 'वी', तर दुसऱ्याला पत्ते, हाऊजी, ठोकळे रचणे, चेंडू असे साधे खेळ देण्यात आले. हाताच्या कार्यक्षमतेत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. यावरून खेळ हाच उपचार ठरत नाही. परंतु महागडे यंत्र अपरिहार्य नाही, हे स्पष्ट होते.

स्थानिक साधने :
हा निष्कर्ष आपल्या भागासाठी आशादायक आहे. लगोरी रचताना पकडणे, उचलणे व नेमके ठेवणे या क्रिया होतात. सागरगोट्यांनी मनगट व बोटांना चलन मिळते. चिंचोके वेचण्याने चिमटीची पकड सुधारू शकते. हातात हात गुंफून होणाऱ्या रेला नृत्यातील पावले, दोन्ही बाजूंनी आधार देऊन व गती कमी करून, तोल सावरण्याच्या सरावासाठी योजता येतील. मात्र कुष्ठरोगाने बधिर झालेल्या हातांना खडबडीत दगड देऊ नयेत. तसेच खेळाची निवड भौतिकोपचार तज्ज्ञाच्या सल्ल्यानेच व्हावी.

वरोऱ्याजवळील आनंदवनातील 'स्वरानंदवन' हा कुष्ठमुक्त व अपंग कलावंतांचा वाद्यवृंद आहे. तो भौतिकोपचार नव्हे. तथापि, रुग्ण हा केवळ प्रेक्षक न राहता स्वतः सहभागी झाला की त्याचा आत्मविश्वास जागा होतो, हे त्यातून दिसते.

समारोप :
आपल्या महाविद्यालयांतील शारीरिक शिक्षण, समाजकार्य व गृहअर्थशास्त्र विभागांनी तज्ज्ञांच्या साहाय्याने अशा खेळांची सूची तयार करावी. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून ती रुग्णांच्या कुटुंबीयांपर्यंत पोहोचविता येईल. अंगणात सोबत खेळणारा नातू मिळाला, तर आजोबांचा सुटलेला व्यायाम पुन्हा सुरू होऊ शकेल.