बुजगावणे उभे करून विसरू नका



आंबवडे शिवारात एका सभासदाने आम्हाला बुजगावण्याच्या डोक्यावर बसलेला कावळा दाखवला. म्हणाले, "साहेब, आता याला भ्यायचं कुणी?" वरकरणी हसू येते, पण नुकसान खरे आहे. सुरू उसात आंतरपीक म्हणून भुईमूग किंवा मका टोकला आणि कावळ्या-मोरांनी दाणे उकरले, की बियाण्याचा पैसा जातो आणि वाफसाही हातचा निघून जातो. भाताला लोंबी आली की चिमण्या, मुनियांचे थवे उतरतातच.

यात दोष बुजगावण्याचा नाही. जी वस्तू हलत नाही, जागा सोडत नाही, तिच्यापासून भय नाही हे पाखराला थोड्याच दिवसांत कळते. म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात.

1. बुजगावणे वर्षभर उभे ठेवू नये. टोकणीच्या दिवशी लावावे, कोंब वर येऊन रोप सावरले की काढावे. भातात दाणा चिकात येण्याच्या आधी लावावे. थव्याला एकदा चटक लागली की हटवणे अवघड.

2. दर दोन-तीन दिवसांनी जागा बदलावी, सदराही बदलावा. बाह्या सैल ठेवाव्यात, वाऱ्याने हलल्या पाहिजेत.

3. चकाकणारी फीत पीळ देऊन दोन काठ्यांना बांधावी. ती उन्हात चमकते, वाऱ्यात वाजते.

4. सकाळी आणि दिवस कलताना पाखरे जास्त उतरतात. त्या वेळी एखादी फेरी मारून डबा वाजवावा. अधूनमधून खरा माणूस दिसला, तरच खोट्याचा धाक राहतो.

काहीजण वैतागून विषारी दाणे टाकण्याची भाषा करतात. हे मुळीच करू नये. मोर मारणे 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. शिवाय विष पाखरू ओळखून मारत नाही. नांगरटीत उघडी पडलेली हुमणी वेचणारे बगळे, कावळे, साळुंक्या आपलेच गडी आहेत. हुमणी उसाची मुळे खाते, तेव्हा अख्खे बेट वाळते हे आपण पाहतोच.

म्हणूनच हरभऱ्यात आम्ही उलट सांगतो: एकरी 20 पक्षीथांबे लावा, कोतवाल त्यावर बसून घाटेअळी टिपतो.

पाखरू हाकायचे ते दाण्यावरून, शिवारातून नव्हे. एवढे ध्यानी ठेवावे, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी