गर्भावस्था, ऊन आणि मजुरी

गर्भवतीने दुपारचे ऊन टाळावे, हा सल्ला वैद्यकीयदृष्ट्या योग्यच आहे. मात्र तो पाळण्याची किंमत सर्व स्त्रियांना सारखी पडत नाही. शेतात, वीटभट्टीवर वा बांधकामावर रोजंदारी करणाऱ्या स्त्रीसाठी दुपारची सावली म्हणजे बुडालेली मजुरी होय.

उन्हाचे परिणाम दोन प्रकारचे असतात. त्यांत गल्लत होऊ नये. अतिनील किरणांमुळे त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते. माता व गर्भ या दोघांच्याही हाडांना ते आवश्यक असले, तरी त्यासाठी दिवसभर उन्हात राहावे लागत नाही. हेच किरण त्वचा रापवतात. रापणे हा पेशींना झालेल्या इजेला त्वचेने दिलेला प्रतिसाद आहे. गर्भावस्थेतील संप्रेरकांमुळे चेहऱ्यावर उठणारे वांगही उन्हाने गडद होतात. वांग केवळ दिसण्यापुरते त्रासदायक असते. चर्चा मात्र त्याचीच अधिक होते.

खरा धोका उष्णतेचा आहे आणि सनस्क्रीन उष्णता अडवत नाही. गर्भाचे तापमान मातेपेक्षा सुमारे अर्धा अंश सेल्सिअस अधिक असते व त्याची उष्णता मुख्यतः मातेच्या रक्तावाटे बाहेर पडते. माता तापली की हा निचरा मंदावतो. घामाने शरीरातील पाणी घटल्यास गर्भाशयाचा रक्तपुरवठाही कमी होऊ शकतो. पहिल्या तिमाहीतील अतितापाचा संबंध मज्जानलिकेच्या जन्मजात दोषांशी, तर पुढील काळातील तीव्र उष्णतेचा संबंध अकाली प्रसूती व कमी जन्मवजनाशी आढळला आहे.

मातृत्व लाभ अधिनियम, १९६१ मधील २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा १२ वरून २६ आठवड्यांपर्यंत वाढली. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही ही तरतूद आहे. परंतु या रजेचा खर्च सामान्यतः मालक उचलतो आणि बहुसंख्य श्रमिक स्त्रिया असंघटित क्षेत्रात असल्याने त्यांना असा मालकच नसतो. त्यांच्यासाठी प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या अपत्यास ५,००० रुपये, तर दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये मिळतात. बुडालेल्या मजुरीची अंशतः भरपाई, हाच योजनेचा घोषित हेतू आहे. दिवसाची मजुरी ३०० रुपये धरल्यास ५,००० रुपयांत जेमतेम १७ दिवस भरून निघतात. उन्हाळा तीन महिन्यांचा असतो.

कामाच्या वेळा बदलणे हा तुलनेने स्वस्त उपाय ठरतो. २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा आखला आणि इतर शहरांनीही ती वाट धरली. भल्या पहाटे काम सुरू करून दुपारी थांबल्यास रोजंदारी बुडत नाही. वीटभट्टीवर मात्र मजुरी बहुधा हजार विटांमागे ठरते. तेथे दुपारी थांबलेल्या हातांचा हिशेब तेवढाच कमी होतो.