गुण कशाचे, गुण किती?

दिवेलागणीला घरातले पोर मोबाईल घेऊन कोपऱ्यात बसते. गोळ्यांचा आवाज येतो, आणि मग एकदम आनंदाची आरोळी. आपण विचारतो, "काय झालं रे?" ते म्हणते, "दहा हजार गुण झाले!" आपण मान हलवतो आणि विषय तिथेच संपतो. आज तो आपण थोडा पुढे नेऊ या. हे गुण देतो कोण, आणि कशाबद्दल?

आपल्या कबड्डीचेच घ्या. एक गडी बाद केला की एक गुण. पण समोरचा सगळा संघ बाद झाला, म्हणजे लोण चढला, की दोन गुण जादा. त्या दोन गुणांपायी उरलेल्या एकट्या गड्याला पकडायला सारा संघ जिवाचे रान करतो. नियम करणाऱ्याने गुण जिथे ठेवले, तिथे खेळाडू धावतो. गोळीबाराच्या व्हिडिओ खेळातही असेच असते. फरक एवढाच, की तिथला पंच म्हणजे यंत्र. खेळ बनवणाऱ्याने आधी लिहून ठेवलेल्या कोष्टकाप्रमाणे ते गुण देते.

१९७८ साली जपानमध्ये तोमोहिरो निशिकाडो ह्यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ बनवला. पडद्यावर अकरा-अकरा शत्रूंच्या पाच ओळी. खालच्या दोन ओळींतल्या प्रत्येकाचे १०, मधल्या दोन ओळींतल्यांचे २०, आणि सगळ्यांत वरच्या ओळीतल्यांचे ३०. सगळी फळी पाडली की ९९० गुण. शिवाय अधूनमधून वरून एक तबकडी जाई. तिचे कधी ५०, तर कधी ३००. लोकांना वाटे, हा नशिबाचा भाग. पण यंत्र खेळाडूच्या गोळ्या मोजत होते! तेविसावी गोळी आणि पुढे दर पंधरावी गोळी तबकडीला लागली, की ३०० मिळत. हे कळल्यावर पट्टीचे खेळाडू नेमाबरोबर गोळ्याही मोजू लागले.

पुढे एकाच पडद्याचा खेळ मागे पडून मोहिमा आल्या. मोहीम म्हणजे एकामागून एक टप्पे पार करत जायचे. १९९२ साली अमेरिकेत इड सॉफ्टवेअर ह्या मंडळींनी 'वुल्फेनस्टाईन थ्रीडी' काढला. त्यात दुसऱ्या महायुद्धातला एक कैदी नाझींच्या किल्ल्यातून मजल्यामागून मजला पार करत निसटतो. कोष्टक असे: साधा शिपाई १००, अधिकारी ४००, पण सोन्याचा मुकुट ५,०००! म्हणजे पन्नास शिपाई मारणे आणि एक मुकुट शोधणे, दोन्हींचे मोल सारखे. मजल्यावरचे सगळे शत्रू मारले तर १०,००० जादा, सगळा खजिना उचलला तर १०,०००, सगळ्या चोरखोल्या शोधल्या तरी १०,०००. हे झाले आपले लोण. त्याशिवाय नेमून दिलेल्या वेळेच्या आत मजला संपवला, तर वाचवलेल्या प्रत्येक सेकंदाचे ५००.

आता गंमत बघा. चोरखोली शोधायची तर भिंती चाचपत हिंडावे लागते. वेळेचे गुण हवेत तर धावावे लागते. काय सोडायचे आणि काय धरायचे, हे खेळाडूने ठरवायचे. आणि दर ४०,००० गुणांना एक जीव जादा मिळे. म्हणजे गुण नुसते मिरवायला नव्हते. त्यांच्या जोरावर मोहीम लांबत असे.

दुसऱ्याच वर्षी, १९९३ साली, त्याच मंडळींनी 'डूम' काढला आणि गुणांची बेरीज काढूनच टाकली. टप्पा संपला की पडद्यावर फक्त एवढेच दिसे: शत्रू शेकडा किती मारले, वस्तू शेकडा किती उचलल्या, गुप्त जागा शेकडा किती सापडल्या, आणि वेळ किती लागला. बक्षीस काहीच नाही. तरीही 'गुप्त जागा शेकडा ५०' असे वाचून पोरे पुन्हा त्याच टप्प्यात शिरत. राहिलेले पन्नास डोळ्यांपुढे दिसले, की माणसाला चैन पडत नाही.

२००७ सालच्या 'हेलो ३' ह्या खेळाच्या मोहिमेत गुण मोजायची सोय होती. तिथे नेमके डोक्यात गोळी मारली की गुण जास्त. खेळ आपणहून अवघड करून घेतला की गुणांना पट लागे. टप्पा लवकर संपवला तरी पट. मात्र स्वतः मेलात तर गुण कापले जात, आणि आपल्याच बाजूचा सोबती मारलात तरीही कापले जात. म्हणजे बेरीज-वजाबाकीत रीतभातही बसवलेली होती.

शिक्षक बंधुभगिनींनो, उद्या वर्गात मुलांना एवढेच विचारा: तुमच्या खेळात कशाचे किती गुण मिळतात, आणि कशाचे कापतात? मुले फळ्यावर कोष्टक मांडतील. मग विचारा, खेळ बनवणाऱ्याला तुमच्याकडून काय करून घ्यायचे आहे? ज्या मुलाला ह्याचे उत्तर देता आले, तो निव्वळ आकड्यामागे धावणार नाही.

आणि जाता जाता आपणही आपल्या गुणपत्रिकेकडे एकदा बघू या. सुवाच्च अक्षराला आपण गुण ठेवतो, म्हणून अक्षर सुधारते. शंका विचारण्याला, शेजारच्याला गणित समजावून देण्याला आपण काय ठेवले आहे?