पालनी : सातपुड्याच्या होळीमागचं व्रत

होळी जवळ आली की नंदुरबारहून अक्कलकुवा आणि धडगावकडे जाणाऱ्या एसटीत पाय ठेवायला जागा मिळत नाही. गुजरातेत ऊसतोडीला, बांधकामावर गेलेली माणसं बिऱ्हाडासकट परतत असतात. मुकादमाचा हिशेब राहिला तर राहिला, पण होळीला गावात असायलाच हवं. सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा समाजाचा हा वर्षाचा सर्वांत मोठा सण.

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात २०११च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत. डोंगरात शिरायच्या वाटा मोजक्याच. अक्कलकुव्याहून देवगोई घाटाने मोलगी, तळोद्याहून चांदसैली घाटाने धडगाव, आणि शहाद्याहून तोरणमाळ. चांदसैलीत पावसाळ्यात दरडी कोसळतात आणि वाट बंद पडते. घाट चढून गेलं की सलग वस्तीचं गाव दिसतच नाही. प्रत्येक घर आपापल्या शेतात, उतारावर, शेजाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. कुडाच्या भिंती, वर कौलं, अंगणाच्या कडेला मोहाचं किंवा आंब्याचं झाड. उन्हाळ्यात याच उतारांवर कैरीच्या फोडी वाळत पडलेल्या असतात. इथला आमचूर दूरदूरच्या बाजारांत जातो.

घरं अशी विखुरलेली असल्यामुळे माणसांची गाठ पडते ती आठवड्याच्या बाजारात. होळीआधीच्या आठवड्यातल्या बाजाराला ‘भोंगऱ्या’ म्हणतात. गूळ, डाळ्या, खजूर, साखरेचे हार-कडे, नवे कपडे अशी सगळी खरेदी तिथे उरकते. माणूसभर रुंदीचे ढोल गावोगावहून येतात आणि बायका ठेवणीतली चांदी अंगावर घालून येतात. भोंगऱ्या म्हणजे मुलामुलींनी पळून जाऊन लग्न करण्याचा बाजार, असं बाहेरच्यांनी वर्षानुवर्षं लिहिलं. समाजातली शिकलेली मंडळी याला ठामपणे विरोध करतात आणि त्यांचं म्हणणं बरोबर आहे. भोंगऱ्या हा सणाचा बाजार आहे.

पाच दिवसांचं पथ्य

अक्कलकुवा तालुक्यात मोलगीजवळ काठी हे गाव आहे. एके काळी ते संस्थान होतं. तिथल्या राजवाडी होळीची परंपरा १२४६ सालापासूनची असल्याचं सांगितलं जातं. होळीचा दांडा म्हणजे सुमारे सत्तर फुटी बांबू. तो गुजरातच्या जंगलातून खांद्यावरून आणतात. तो रोवण्यासाठीचा खड्डा कुदळ-फावडं न वापरता, माती हाताने उकरून करतात. रात्रभर ढोल आणि नाच चालतो, आणि होळी पेटते पहाटे.

छायाचित्रांतून जगभर पोहोचले ते इथले बावा आणि बुध्या. अंगभर राखेची किंवा पांढऱ्या रंगाची नक्षी, डोक्यावर बांबूच्या कामट्यांचा, मोरपिसांनी मढवलेला उंच टोप, कमरेला घुंगरं आणि वाळलेले दुधी भोपळे. तयारी चालू असताना जवळ उभं राहिलं तर बरंच काही कळतं. एक जण हात पसरून निश्चल उभा असतो आणि दुसरा त्याच्या पाठीवर बोटाने एकेक ठिपका उठवत जातो. भोपळे कमरेला बांधण्याआधी एकेक हलवून पाहतात, कारण आत बिया मोकळ्या असल्या तरच तो वाजतो. मग दोरी करकचून आवळतात, म्हणजे रात्रभर नाचूनही ती सैल होत नाही. नाच सुरू झाला की पावलागणिक घुंगरं आणि भोपळे एकदम बोलतात, आणि शेकडो माणसांचा ठेका एकच होतो.

पण हा वेष म्हणजे नवसाची शेवटची पायरी. त्याआधी पालनी असते. मूल व्हावं, घरातलं दुखणं जावं, पीक-पाणी नीट व्हावं म्हणून नवस बोललेला माणूस होळीआधी पाच दिवस पथ्य पाळतो. खाटेवर झोपायचं नाही, पायात काही घालायचं नाही, ब्रह्मचर्य पाळायचं. नाचणारा प्रत्येक जण कुणाच्या तरी सुखासाठी नाचत असतो. म्हणूनच नाच ऐन रंगात आला असताना त्याला थांबवून ‘इकडे बघ’ म्हणत कॅमेरा रोखणं मला खटकतं. देवळात आरती चालू असताना पुजाऱ्याला आपण असं थांबवत नाही.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे पाळी. सगळ्या गावांची मोठी होळी एकाच रात्री नसते. काठीनंतर पुढचे काही दिवस वेगवेगळ्या गावांची पाळी येते, आणि या गावचे नाचे त्या गावी जातात. दिवाळीचंही तसंच. पीक घरात आलं की गावातली जाणती माणसं बसून आपल्या गावाचा दिवस ठरवतात, आणि वाघदेवाची पूजा करतात. पाहुण्यांना प्रत्येक गावी जाता यावं, अशी ही मांडणी आहे. आपण सगळे एकाच दिवशी आपापल्या घरात सण करतो, त्यामुळे मला तिचं फार मोल वाटतं.

नदी आणि विस्थापन

याच डोंगरांच्या उत्तर पायथ्याशी नर्मदा आहे. सुमारे ५४ किलोमीटर ती महाराष्ट्राची सीमा होऊन वाहते. सरदार सरोवर धरणामुळे अक्राणी (धडगाव) आणि अक्कलकुवा तालुक्यांतली ३३ गावं बाधित झाली. मणिबेली त्यांतलं अगदी सुरुवातीचं. शेत आणि घराबरोबर देवांची ठिकाणं, पूर्वजांच्या जागा, नात्यातली गावंही पाण्याखाली गेली. पुनर्वसन वसाहतींत जमिनी मिळालेल्यांनी तिथेही होळीचा दांडा उभा केला. नर्मदा बचाव आंदोलनाने नदीकाठी जीवनशाळा काढल्या, आणि तिथे मुलं आपल्या बोलीतूनही शिकली. या मुलखात फिरताना हा इतिहास ठाऊक असायला हवा, नाहीतर जलाशयाचं निळं पाणी नुसतं देखणं वाटतं.

जायचं असेल तर

सुरत-भुसावळ लोहमार्गावरच्या नंदुरबारला उतरा आणि पुढे एसटी किंवा जीपने जा. मोलगी-धडगावात मुक्कामाच्या सोयी मोजक्याच आहेत, तेव्हा ओळखीतून आधी विचारून ठेवा. धनत्रयोदशीच्या सुमारास गेलात तर अस्तंब्याची यात्रा भेटेल. अश्वत्थाम्याचं स्थान मानलेल्या या शिखरावर महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेशातले भाविक रात्री चढतात.

कुठेही गेलात तरी काही गोष्टी पाळाव्यात. फोटोआधी विचारावं, आणि नाही म्हटलं तर राग धरू नये. पालनीतल्या माणसाला हात लावू नये. मोहाची दारू देवाला वाहतात, तिला गंमत समजू नये. मक्याची भाकर आणि उडदाची डाळ पुढे आली तर पोटभर जेवावं. आणि उन्हाळ्यात परत जावं, जेव्हा ढोल नसतात, बायका पाण्यासाठी चढ-उतार करत असतात आणि तरणी माणसं पुन्हा गुजरातेत असतात. ज्यांचा सण पाहिला त्यांचं उरलेलं वर्षही पाहिलं, तरच त्यांचा मुलूख पाहिला असं म्हणता येईल.