जर्मनीतून इंग्लंडला: मोटारीने, बोटीने आणि एका रकान्याने

मरोळ नाक्याहून भुयारी मेट्रोत बसले की पुढचेच स्थानक आंतरराष्ट्रीय विमानतळाचे. परदेशगमन ही या परिसरातील व्यापारी कुटुंबांना आता नवलाई राहिलेली नाही. सीप्झमधील दागिन्यांच्या कारखान्यांशी, मरोळच्या औद्योगिक वसाहतीशी आणि त्यांना माल पुरविणाऱ्या दुकानांशी ज्यांचा व्यवहार आहे, त्यांच्या घरातील एखादा तरी मुलगा किंवा मुलगी युरोपात असते. मात्र एक मूल एका देशात आणि दुसरे समुद्रापलीकडच्या देशात असले, आणि घरातील वडीलधाऱ्यांनी दोघांकडे एकाच फेरीत जाण्याचे मनात आणले, की खरी परीक्षा सुरू होते.

मूळचे जुन्नरचे आणि चाळीस वर्षांपासून मरोळमध्ये पॅकिंगच्या डब्यांचा व्यवसाय करणारे एक कुटुंब सध्या या परीक्षेला बसले आहे. शेठजींचा मुलगा कोलोन येथे अभियंता आहे, तर मुलगी लेस्टरला. मुलीला चार महिन्यांपूर्वी कन्यारत्न झाले. पणतीचे तोंड पाहावे, ही शेठजींच्या एकोणऐंशी वर्षांच्या मातुःश्रींची इच्छा. गुडघ्यांनी साथ सोडलेल्या आजींना विमानतळांवरील रांगा पुन्हा पुन्हा नकोत. म्हणून मुलाने सुचविले, ‘आजी, तुम्ही मुंबईहून एकदाच विमानाने माझ्याकडे या. पुढे आपण सगळे माझ्या गाडीने ताईकडे जाऊ. गाडीच बोटीत चढते.’

गाडी बोटीत चढते, याचे आजींना नवल वाटले नाही. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सेवा सुरू झाली, तेव्हापासून अलिबागला जाणाऱ्या कित्येक मुंबईकरांनी आपली मोटार बोटीच्या पोटात ठेवून वर डेकवर चहा घेतला आहे. फरक इतकाच, की मांडव्याला उतरताना कोणी पासपोर्ट मागत नाही.

जर्मनीतून इंग्लंडला थेट प्रवासी बोट आज नाही. पूर्वी होती. हॅम्बुर्ग ते हॅरिच ही मोटारींसह प्रवासी नेणारी बोट कित्येक वर्षे चालली. २००२ साली तिचा जर्मनीतील धक्का हॅम्बुर्गहून समुद्रमुखावरील कुक्सहाफेनला हलविला गेला आणि नोव्हेंबर २००५ मध्ये ती कायमची थांबली. स्वस्त विमानसेवांनी प्रवासी ओढून नेले होते. शिवाय युरोपीय संघाच्या देशांमधील प्रवासात करमुक्त विक्रीची सवलत १ जुलै १९९९ पासून बंद झाल्याने बोटींवरील दुकानांचे मोठे उत्पन्न बुडाले. धंद्याचा हिशेब जाणणाऱ्यांना यापेक्षा अधिक खुलासा नको.

त्यामुळे आता जर्मनीतून निघणाऱ्याने आधी हॉलंड, बेल्जियम किंवा फ्रान्सचा किनारा गाठावा लागतो. सर्वांत आखूड समुद्रमार्ग फ्रान्समधील कॅले ते डोव्हर, सुमारे दीड तासाचा. तेथेच १९९४ साली सुरू झालेल्या बोगद्यातून रेल्वेवर मोटार चढवून पस्तीस मिनिटांत पलीकडे जाता येते. वेळ वाचतो खरा. परंतु कोलोनहून कॅले चारशे किलोमीटरांहून अधिक, आणि डोव्हरला उतरल्यावर लंडनला वळसा घालून लेस्टरपर्यंत आणखी सुमारे तीनशे. आजींच्या गुडघ्यांना हा व्यवहार तोट्याचा. उत्तरेकडे रॉटरडॅमहून हल आणि ॲमस्टरडॅमजवळच्या आयमाउडनहून न्यूकॅसल अशा रात्रभराच्या बोटी आहेत. त्यांपैकी न्यूकॅसलची बोट पंधरा-सोळा तास घेते आणि स्कॉटलंडला जाणाऱ्यांच्या सोयीची आहे. या कुटुंबाने निवडला तो हॉलंडमधील हुक ऑफ हॉलंड ते इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील हॅरिच हा मार्ग. कोलोनहून धक्का पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर, समुद्रावर दिवसाच्या बोटीने साडेसहा-सात तास, आणि हॅरिचहून इप्सविच, केंब्रिजवरून लेस्टर सुमारे अडीचशे किलोमीटर. लंडनच्या वाटेला जावेच लागत नाही. तेथे चालणाऱ्या जहाजांची लांबी २४० मीटर असल्याने डोलणेही तुलनेने सौम्य.

या मार्गावर दिवसाची बोट आहे, तशी रात्रीचीही. रात्रीच्या बोटीचे नाव निघताच आजींनी विचारले, ‘अरे, मग माझ्या चौविहाराचे काय?’

प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर पंचांगाने दिले. मे महिन्याच्या अखेरीस हॉलंडच्या किनाऱ्यावर सूर्य मावळतो तो घड्याळात रात्री पावणेदहाच्या सुमारास. बोट सुटते साधारण दहाला. म्हणजे धक्क्यावर पोहोचून, डबा उघडून, पाणी पिऊन चौविहार घेण्यास पुरेसा अवधी मिळतो. पहाटे इंग्लंडच्या किनाऱ्यावर सूर्योदय पावणेपाचच्या आसपास. बोट हॅरिचला लागते साडेसहाच्या सुमारास, तोपर्यंत नवकारसीची अठ्ठेचाळीस मिनिटे केव्हाच उलटलेली असतात. घड्याळ मध्येच एक तास मागे न्यावे लागते. पण व्रताला सूर्य लागतो, घड्याळ नाही. हीच फेरी डिसेंबरात काढली असती तर हॉलंडमध्ये दुपारी साडेचारलाच दिवस मावळला असता आणि दुपारच्या बोटीचा सूर्यास्त भर समुद्रात झाला असता. उन्हाळा निवडण्यामागे हवामानाइतकेच हेही कारण होते. शिवाय चातुर्मासापूर्वी सर्वांनी घरी परतलेले बरे, असे आजींचे मत.

वाटेत अँटवर्प लागते. हिऱ्यांच्या व्यापारामुळे या गावाचे नाव आपल्याकडे नवे नाही. तेथील विल्राइक उपनगरात २०१० साली प्रतिष्ठा झालेले संगमरवरी जिनालय आहे. सकाळी कोलोनहून निघावे, दुपारी दर्शन करावे आणि संध्याकाळी सव्वाशे किलोमीटरवरील धक्क्याकडे वळावे, असा बेत ठरला. अँटवर्पच्या मध्यवस्तीत परदेशी नोंदणीची मोटार न्यायची असेल तर प्रदूषण-नियमांसाठी तिची आगाऊ नोंदणी करावी लागते, हे मुलाने लिहून ठेवले. पलीकडे लेस्टरमध्ये तर १९८८ साली प्रतिष्ठित झालेले जैन सेंटर आहे. एका जुन्या चर्चच्या इमारतीत ते उभे राहिले, आणि तेथे श्वेतांबर व दिगंबर दोन्ही वेदी, स्थानकवासी उपाश्रय आणि श्रीमद् राजचंद्रांचे ध्यानस्थान एकाच छपराखाली आहे. मुंबईत हे दृश्य सहसा दिसत नाही, एवढेच येथे म्हणावे.

मार्ग ठरला, बोटीची केबिन ठरली, मुंबई–फ्रँकफर्ट परतीची तीन तिकिटे निघाली. नंतर आजींच्या पासपोर्टवर व्हिसा आला आणि घरात शांतता पसरली.

नकाशावर हॅरिच आणि हुक ऑफ हॉलंड यांच्यामध्ये दोन बोटे रुंदीचे निळे पाणी दिसते. भारतीय पासपोर्टधारकाच्या दृष्टीने मात्र ते दोन स्वतंत्र राज्यव्यवस्थांमधील पुरते सीमापाणी आहे. जर्मनी, हॉलंड, बेल्जियम या देशांना शेंगेन व्हिसा एकच चालतो. इंग्लंड त्यात कधीच नव्हते. इंग्लंडचा व्हिसा वेगळा काढावाच लागतो. जर्मनीत नोकरी करणाऱ्या, तेथील वास्तव्य-परवाना असलेल्या मुलालाही तो चुकत नाही. इथपर्यंत सर्वांना ठाऊक असते. निसटते ते पुढचे. बोट हॉलंड सोडते त्या क्षणी प्रवासी शेंगेनमधून बाहेर पडतो. परत जर्मनीत यायचे म्हणजे दुसऱ्यांदा प्रवेश. व्हिसाच्या चिकटपट्टीवर प्रवेशसंख्येचा एक छोटा रकाना असतो. शेठजी व त्यांच्या पत्नीच्या पासपोर्टवर त्यात ‘अनेक’ असा निर्देश होता. आजींच्या पासपोर्टवर ‘०१’.

असे का झाले, याचा शोध घेता दोन कारणे सापडली. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी असा नियम आहे की, मागील तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा मिळवून ते नीट वापरलेल्या प्रवाशाला दोन वर्षांचा, अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळू शकतो. शेठजी व त्यांच्या पत्नी व्यापारी प्रदर्शनांच्या निमित्ताने दोनदा जाऊन आले होते. आजींचा पासपोर्टच नवा. दुसरे कारण अधिक साधे आणि अधिक खुपणारे. अर्जातच ‘एक, दोन की अनेक प्रवेश’ असा प्रश्न असतो. आजींचा अर्ज ज्याच्याकडून भरून घेतला, त्याने नेहमीच्या सवयीने ‘एक’वर खूण केली आणि घरातील कोणी ती तपासली नाही. लाखांच्या बिलातील पैशांचा फरक शोधून काढणारी ही मंडळी! सोबत बोटीचे आरक्षण जोडले होते, पण खूण आणि कागद यांचा मेळ घालण्याची जबाबदारी अर्जदाराची असते.

अशा प्रवासात क्रम उलटा ठेवणे हितावह. इंग्लंडच्या व्हिसाचा अर्ज प्रवासापूर्वी तीन महिने करता येतो आणि निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात. शेंगेनचा अर्ज सहा महिने आधीपासून घेतला जातो, निर्णयाला साधारणतः पंधरा दिवस, क्वचित पंचेचाळीसही. तेव्हा प्रथम इंग्लंडचा व्हिसा हाती घ्यावा आणि त्याची प्रत व बोटीचे जाण्या-येण्याचे आरक्षण जोडून शेंगेनच्या अर्जात दोन किंवा अनेक प्रवेश स्पष्ट मागावेत. इंग्लंडमधील दिवस शेंगेनच्या १८० दिवसांतील ९० दिवसांत मोजले जात नाहीत. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा शेंगेनसाठी अनिवार्य आहे. खात्याच्या उताऱ्याबाबतही एक सांगण्यासारखे आहे. अर्जाच्या आदल्या आठवड्यात भावाकडून आणून ठेवलेली मोठी रक्कम खात्याला शोभा देत नाही, उलट शंका उत्पन्न करते. सहा महिन्यांची संथ, नियमित उलाढाल आणि तिच्याशी जुळणारी करविवरणे यांचे वजन कितीतरी अधिक. शिवाय १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर बाहेरच्या प्रवाशांच्या बोटांचे ठसे व छायाचित्र घेण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने लागू झाली आहे. धक्क्यावर त्यासाठी जास्तीचा तास धरावा.

दुसरा धक्का लाडवांनी दिला. नातीसाठी आजी साजूक तुपातले डिंकाचे लाडू करून नेणार होत्या. युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून येणाऱ्या प्रवाशाला दुग्धजन्य पदार्थ आणता येत नाहीत; तूप, पेढे, बर्फी यांना वाव नाही. तेवढ्यावर भागत नाही. लाळ्या-खुरकूत रोगाच्या प्रादुर्भावामुळे १२ एप्रिल २०२५ पासून युरोपीय संघातून ब्रिटनमध्ये जाणाऱ्या प्रवाशांनाही दूध, लोणी, चीज नेण्यास मनाई झाली. म्हणजे कोलोनच्या घरी केलेले पनीरही गाडीतून जाणार नाही. असे नियम बदलत असतात, निघण्यापूर्वी ते पुन्हा पाहून घ्यावेत. आजींनी तोडगा स्वतःच काढला. डिंक, खारीक, गोडंबी कोरडी न्यायची. तूप लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर आपल्या लोकांच्या दुकानांत मिळते, लाडू तेथेच वळायचे.

बोटीच्या तांत्रिक बाजूत फारसे अवघड काही नाही. आरक्षणाच्या वेळी मोटारीची उंची विचारतात. छतावर सामानाची पेटी असेल तर ती धरून सांगावी. बोट सुटल्यावर मोटारींचा मजला बंद होतो, म्हणून औषधे, शाल आणि पाण्याचा तांब्या आधीच वर न्यावा. गुडघेदुखीची कल्पना धक्क्यावर दिली तर मोटार उद्वाहकाजवळ उभी करू देतात. रात्रीच्या फेरीत केबिन घेणे बंधनकारकच आहे. पलीकडे उतरल्यावर रस्ता डावीकडून. येथे एक गंमत अशी, की सहा वर्षे जर्मनीत उजवीकडून चालवून मुलाचा हात तिकडे वळला आहे, तर शेठजींचा जन्म डाव्या बाजूवर गेला. जर्मन मोटारीचे चाक डावीकडे असल्याने पुढच्या वाहनाला ओलांडताना समोरचे दिसते ते शेजारी बसलेल्यालाच. ती जागा शेठजींनी मागून घेतली आहे. वेगमर्यादा मैलांत असतात आणि दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांवर जाऊ नये म्हणून चिकटपट्ट्या लावाव्या लागतात.

राहिला प्रश्न आजींच्या ‘०१’चा. नव्याने अर्ज करण्यास वेळ उरला नव्हता. त्यांनी जर्मनीतच थांबावे आणि पणतीलाच तेथे आणावे, असे एक मत पुढे आले. त्यावर आजी म्हणाल्या, ‘चार महिन्यांच्या लेकराला समुद्र ओलांडायला लावू नका. मला पलीकडे सोडा, तिथून मी थेट घरी जाईन.’ कागदावर पाहता हाच मार्ग निर्दोष होता. एक प्रवेश फ्रँकफर्टला, बाहेर पडणे हुक ऑफ हॉलंडला, आणि लंडनहून मुंबईला थेट विमान, वाटेत शेंगेनमधील कोठलेही विमानतळ नाही. सूनबाई त्यांच्यासोबत परततील. दोन परतीची तिकिटे मोडून लंडनची काढताना जो भुर्दंड पडला, तो शेठजींनी वहीत ‘शिक्षणखर्च’ या मथळ्याखाली लिहिला आहे. शेठजी मुलगा व सुनेसह बोटीने जर्मनीला परततील. तेथे त्यांना कागदी खोक्यांच्या एका यंत्राबद्दल बोलायचे आहे.

बाहेरच्या बाजूची, खिडकी असलेली केबिन थोडी महाग पडली. आजींचा आग्रह तिच्यासाठी होता, कारण सूर्य उगवला की नाही हे त्यांना दुसऱ्या कोणाला विचारायचे नाही.